हात लोंबते ठेवण्याची नोकरी

दर शनिवारी संध्याकाळी मेव्हिस ड्रुरीचा जीव वाचायचा. कधी जळत्या हॉटेलातून, कधी उलटलेल्या बसमधून, कधी दरीच्या काठावर अडकलेल्या मोटारीतून. एकदा तर ती नन होऊन चर्चच्या मनोऱ्यात सापडली होती, आणि एकदा शाळकरी पोर होऊन पाण्याच्या टाकीत. अर्धी अमेरिका टीव्हीपुढे बसून हे बघायची आणि सुटकेचा निःश्वास टाकायची. पण त्या अर्ध्या अमेरिकेत मेव्हिसचं तोंड कुणी ओळखत नव्हतं.

ओळखणार कसं? तोंड दुसऱ्याच कुणाचं असायचं. ‘इंजिन एकोणीस’ ही त्या वेळची अग्निशमन दलाची मालिका. तिच्यात दर आठवड्याला एक पाहुणी नटी यायची. ती खिडकीत उभी राहून किंचाळायची, खोकायची, डोळे फिरवून बेशुद्ध पडायची आणि तिथून उठून थेट आपल्या थंडगार गाडीत जाऊन लिंबू सरबत प्यायची. पुढचं काम मेव्हिसचं. नटीचेच कपडे घालायचे, तिच्या रंगाच्या केसांचा टोप चढवायचा, तोंडाला काजळी फासायची आणि शिडीवरून खाली यायचं. स्वतःच्या पायांनी नव्हे, अग्निशामकाच्या अंगावर. शेवटी नावांची पाटी सरकायची. तिच्यात घोड्याला खरारा करणाऱ्याचंही नाव असायचं, मेव्हिसचं नसायचं.

ही नोकरी तिला मिळाली ती वजनामुळे. अभिनय बिभिनय कुणी विचारलाच नाही. मेव्हिस म्हणजे अगदीच काडी. बूट-कपड्यांसकट काट्यावर उभी केली तरी शंभर पौंड भरायची मारामार. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पण काजळीखाली वय कुणाला दिसतंय? हलकी असली म्हणजे झालं. दुपारी सेटवर सगळे जण घमेलंभर राजमा-खिमा आणि मक्याचा पाव हाणायचे, तेव्हा मेव्हिस कोपऱ्यात बसून डब्यातल्या पीचच्या दोन फोडी आणि बिनदुधाची कॉफी घ्यायची. खाल्लं की नोकरीवर गदा, असा साधा हिशोब होता.

उपाशी राहण्याची तिला सवय होती. धुळीच्या वादळांनी शेतं उडाली त्या वर्षांत आईबाप ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियातल्या आर्व्हिनच्या मजूर छावणीत आले, आणि ती तिथल्याच तंबूत वाढली. एकोणिसाव्या वर्षी नटी व्हायचं म्हणून लॉस एंजेलिसला आली. आमच्या या शहरात नटी व्हायला आलेल्या पोरी मोजायला बसलात तर जन्म जाईल. मेव्हिस गर्दीत उभी राहिली, दुसरीच्या जागी उभी राहिली, पाठमोरी उभी राहिली. मध्ये व्हर्नन नावाच्या एका व्हॅक्युम क्लीनर विकणाऱ्याशी लग्न केलं. तो फिनिक्सला माल दाखवायला म्हणून गेला तो गेलाच. नमुन्याचं एक यंत्र तेवढं घरी विसरला होता, ते मात्र इमानाने चालत राहिलं.

पहिल्या दिवशी तिला शिडीवरून उतरवायला जो माणूस आला त्याचं नाव ड्वेन बीसली. पडद्यावर तो कुणी नव्हता. मालिकेतल्या देखण्या नायकाची पाठ धरलेली असायची, म्हणून उचलण्या-उतरवण्याची सगळी कामं ड्वेन करायचा. तो ओरेगॉनचा, लाकूडतोड्यांच्या गावचा, खांदे दारासारखे आणि बोलणं बेताचं. शिडीवर माणूस उतरवायची एक रीत असते. ओझं, म्हणजे उतरवायचं माणूस, उचलणाऱ्याकडे तोंड करून त्याच्या वाकवलेल्या गुडघ्यावर टेकतं, त्याचे दोन्ही हात ओझ्याच्या काखांखालून शिडीला धरलेले असतात, आणि ओझ्याचं डोकं त्याच्या खांद्यावर. एकेक पायरी, गुडघा बदलत. मेव्हिसने दुसऱ्याच पायरीवर खाली पाहिलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकून गच्च धरलं.

ड्वेन जागीच थांबला.

“बाई, गळा सोडा.”

“पडेन ना!”

“नाही पडणार. गळा धरलात तर मात्र दोघंही पडू. मला पायरी दिसायला नको?”

मेव्हिसने कसाबसा हात सोडला. जमिनीवर आल्यावर त्याने तिला इंजिनाच्या, म्हणजे बंबाच्या, पायरीवर बसवलं आणि शांतपणे समजावलं. “आम्हा शिडीवाल्यांत एक म्हणतात, हात लोंबले तर ओझं, गळ्यात पडले तर फास. खऱ्या आगीत घाबरलेलं माणूस धरतंच, त्याला कोण काय म्हणणार? पण रोजच्या जोडीदाराने गळा धरला तर त्याचा एकच अर्थ होतो.”

“काय?”

“भरवसा उडाला. आणि ओझ्याला आधी कळतं, बाई. आमचा होरेस होता, शिडीवर उभा जन्म गेला त्याचा. एक दिवस त्याच्या नेहमीच्या पोरीने सगळ्यांदेखत त्याचा गळा धरला. त्याने तिला खाली ठेवलं, टोपी काढली आणि घरी गेला. पुन्हा शिडीला हात लावला नाही. महिन्याभराने डॉक्टर म्हणाला, कानातला तोल गेलाय. त्याला स्वतःला पत्ता नव्हता, पोरीला अंगाने कळलं होतं.”

मेव्हिसने ते मनावर घेतलं. घरी खुर्चीच्या पाठीवर ओणवी पडून ती हात लोंबते ठेवायचा सराव करायची. तुम्हाला वाटेल, त्यात काय शिकायचं? करून बघा. माणूस खाली जायला लागला की हात आपोआप काहीतरी धरतात. ते न धरू देणं म्हणजे अंगाविरुद्ध जाणं. महिन्याभरात मेव्हिस अशी लुळी पडायला शिकली की एकदा खऱ्या रुग्णवाहिकेचा माणूस तिची नाडी बघायला धावला होता.

“पोतं आहेस तू, निव्वळ पोतं,” ड्वेन त्या दिवशी खूश होऊन म्हणाला. तेव्हापासून तिचं नाव पोतं पडलं.

“काय गं पोत्या, आज काय खाल्लंस? जड लागतेस.”

“तूच म्हातारा झालास. मला कशाला नावं ठेवतोस?”

“टोप जड असेल मग. त्यातच सगळी अक्कल भरलीये तुझी.”

चार वर्षं हे असं चाललं. ड्वेनचं घर साउगसला होतं, जनेट नावाची बायको होती, दोन मोठे मुलगे होते. तो मेव्हिसकडे त्या नजरेने कधी पाहत नव्हता आणि मेव्हिसलाही तसलं काही नको होतं. निदान ती स्वतःला तसं सांगायची. खरी गोष्ट एवढीच होती की आठवड्यातून एकदा, शिडीच्या वीस-पंचवीस पायऱ्या संपेपर्यंत, कुणीतरी तिला धरलेलं असायचं. बाकीच्या आठवड्यात माणसाचा हात तिच्या अंगाला लागतच नव्हता. दुकानदार सुटे पैसे गल्ल्याशेजारच्या बशीत ठेवायचा. बसमध्ये शेजारी बसणारे आपली पिशवी मध्ये ठेवायचे. केस ती स्वतःच कापायची. एकटं राहणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं, पण त्या बोलत नाहीत, कारण बोलून दाखवावं असं त्यात काही नसतं. ड्वेनच्या खांद्यावर डोकं टेकलं की मेव्हिसला त्याच्या कोटाचा धुरकट वास यायचा, कानाशी त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि तिच्या मनात यायचं, शिडी अजून थोडी उंच असती तर बरं झालं असतं.

नॉर्मंडी रस्त्यावरच्या दुमजली इमारतीत तिची एक खोली होती. पलंग भिंतीतून ओढून काढायचा, सकाळी पुन्हा भिंतीत ढकलायचा. समोरच्या दारात ओहानियनबाई राहायच्या, सत्तरीच्या आर्मेनियन विधवा. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. म्हणजे होता, पण त्यावर त्यांनी फुलदाणी ठेवली होती आणि तो बिघडलाय असं त्या सांगायच्या. शनिवारी संध्याकाळी द्राक्षाच्या पानात गुंडाळलेल्या भाताची बशी घेऊन त्या मेव्हिसकडे यायच्या.

“आज कुठला अवयव, मेव्हिस जान?”

“डावा पाय. आणि शेवटी थोडी पाठ.”

“पाठ! बढती झाली म्हणायची.” मग चष्मा पुसून पडद्यापाशी सरकायच्या. “हा हा! हाच पाय! घोट्यावर तीळ आहे बघ. मी कुठेही ओळखीन.”

मालिका संपली की बशी उचलून त्या आपल्या घरी जायच्या. दार लागायचं, कडी पडायची, आणि मेव्हिस पलंग भिंतीतून ओढायची.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी दोन गोष्टी एकदम झाल्या. ड्वेनचा उजवा गुडघा सुजू लागला, आणि सेटवर ग्लॅडिस आली. ग्लॅडिस म्हणजे कॅनव्हासची बाहुली, आत वाळू आणि चिंध्या भरलेली, अंगाने अगदी बाईसारखी. ती आणली होती निर्मात्याच्या पिंकनी नावाच्या माणसाने. पिंकनी कापलेल्या नखांचाही हिशोब ठेवेल असा गडी.

“ग्लॅडिसला जेवण लागत नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “विमा लागत नाही, आणि खाली पडली तर तिचा वकील येत नाही. पुढच्या वर्षी हीच. सोबत एखादा तरणा पोरगा बघू.”

दिग्दर्शक कॅल्डर तोंडाचा फाटका पण मनाचा बरा. त्याने ड्वेनला बाजूला घेतलं. मेव्हिस शेजारीच टोप उतरवत होती, तिला सगळं ऐकू आलं.

“हॉथॉर्न भागातलं ते घर जाळायचंय ना आपल्याला? ते एकदाच जळणार, दुसरा टेक नाही. जिवंत माणूस घेऊन, शेवटच्या मजल्यापासून खालपर्यंत, न थांबता उतरून दाखव. मग मी पिंकनीच्या छाताडावर बसून तुम्हा दोघांची वर्षभराची नोकरी लिहून घेतो. जमेल?”

“गुडघा म्हणेल तसं,” ड्वेन म्हणाला.

“गुडघ्याला नाही, मी तुला विचारतोय.”

“जमेल.”

ड्वेन मेव्हिसजवळ आला आणि हळूच म्हणाला, “ऐकलंस ना, पोत्या? जनेटचा भाऊ ओरेगॉनला रोपवाटिका चालवतो, तिकडेच ये म्हणतोय. जनेटही म्हणते, पुरे झालं. पण मला रोपांना पाणी घालत मरायचं नाही. ही एक शिडी नीट उतरलो तर राहिलो, नाहीतर चाललो.”

ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवसापासून मेव्हिसने पीचच्या फोडीही सोडल्या. त्याच्या गुडघ्यावर आपला भार जेवढा कमी पडेल तेवढा बरा. सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट, दिवसभर काळी कॉफी. ओहानियनबाईंची बशी आली की ती हातरुमालात भात गुंडाळायची आणि नंतर चिमण्यांना टाकायची. दुसऱ्याच शनिवारी ओहानियनबाईंनी तिचं मनगट पकडलं आणि सोडून दिलं.

“हाडांवर नुसतं कातडं उरलंय. कुणासाठी चाललंय हे?”

“कामासाठी.”

“कामाला डोळे नसतात, मेव्हिस जान. तुझे मात्र खोल गेलेत.”

हॉथॉर्नमध्ये नव्या महामार्गासाठी सरकारने गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या केल्या होत्या. माणसं गेली होती, घरं पाडायची बाकी होती. अंगणातली लिंबाची झाडं तशीच फळं धरून उभी होती. त्यातलं एक तीन मजली लाकडी घर मालिकेला जाळायला मिळालं. कथा अशी होती की आगीत सापडलेल्या बाईपर्यंत नायक पोचतो, तिला खाली आणतो, पण ती वाटेतच गेलेली असते. मग नायक हेल्मेट काढून ओल्या गवतावर बसतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रडतो. म्हणजे मेव्हिस या वेळी बेशुद्धही नव्हती, मेलेली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच तिचा जीव वाचायचा नव्हता.

त्या दिवशी जनेटही आली होती. कदाचित शेवटचा दिवस असेल म्हणून थर्मास भरून कॉफी घेऊन आली, सगळ्यांना देत फिरली. मेव्हिसला म्हणाली, “तूच ती पोतं ना? घरी तुझंच नाव असतं. म्हणतो, असं ओझं पुन्हा मिळणार नाही.” गोल चेहऱ्याची, मायाळू बाई. तिचा राग करावा म्हटलं तरी करता आला नसता.

मेव्हिसने नाइटगाउनखाली जाड लोकरीचे कपडे घातले, उघड्या अंगाला गार मलम चोपडलं आणि मागच्या जिन्याने वर जाऊन खिडकीपाशी आडवी झाली. बाहेर खरे बंब तयार होते. ज्वाळा सोडणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर गॅसच्या नळ्या उघडल्या, आणि सुकलेलं लाकूड असं पेटलं की ठरलेल्या वेळेआधीच धूर वर आला. ड्वेन खिडकीतून आत आला. त्याने तिला उचललं, शिडीवर पाय रोवला, गुडघा वाकवला आणि तिला त्यावर घेतलं.

“चल, पोत्या.”

ती मेली. तिने अंग सोडलं, हात सोडले, मान सोडली. गुडघा तिच्याखाली होता आणि ती त्याचं एकेक हलणं मोजत होती. उजवा, डावा, उजवा. तो कापत नव्हता. पाठीमागे खिडकीची काच तडतडत फुटली, पाठीला धग लागली. ड्वेन थांबला नाही. दुसऱ्या मजल्यापाशी त्याचा श्वास जड झाला आणि मेव्हिसने मनातल्या मनात स्वतःला अजून हलकं केलं, जणू ते शक्य होतं. उजवा, डावा. खालून पाण्याचा आवाज जवळ आला. चार-पाच पायऱ्या राहिल्या असतील, तेव्हा ड्वेन तिच्या कानात, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, हसत कुजबुजला.

“झालं गं पोत्या. राहिलो आपण.”

आणि मेव्हिसचे हात वर गेले. तिने काही ठरवलं नव्हतं. चार वर्षं लोंबलेले ते हात त्याच्या गळ्यात जाऊन पडले, तिने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि त्याला कवटाळलं. आनंद झाला होता, दुसरं काही नाही. इतका आनंद की तिला आपण मेलोय याचं भान राहिलं नाही.

ड्वेनचं अंग ताठ झालं. शेवटच्या पायऱ्या तो उतरला, तिला गवतावर ठेवलं, तिचे हात एकेक करून गळ्यातून सोडवले. पाठीमागे छप्पर कोसळलं. आता त्या घराचं काहीच उरलं नव्हतं.

“कट!” कॅल्डर कर्ण्यातून ओरडला आणि मग कर्णा फेकून देऊन ओरडला. “मेलेली बाई! मेलेली बाई मिठी मारते होय? कुठल्या देशात मारते? अरे, कुणीतरी सांगा मला!”

पोरं हसली. पिंकनी हसला नाही, त्याने घड्याळात पाहिलं. मेव्हिस गवतावर तशीच बसून होती. कॅल्डरचा आवाज जरा खाली आला. “उतरलास मात्र झकास, ड्वेन. तुझी चूक नाही यात. मी बोलतो पिंकनीशी.”

ड्वेनने ते न ऐकल्यासारखं केलं. तो इंजिनाच्या पायरीवर जाऊन बसला, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबून पाहू लागला. मेव्हिस उठून त्याच्याजवळ गेली. जनेटही थर्मास घेऊन आली, एक पेला नवऱ्याला दिला, एक मेव्हिसला, आणि अंगातला स्वेटर काढून मेव्हिसच्या खांद्यांवर टाकला. “थरथरतेयस तू, पोरी.”

“खरं सांग,” ड्वेन म्हणाला. “कापला का?”

“काय?”

“गुडघा. मला नाही कळलं. मला वाटलं, अगदी ठाम होता. तुला कळलं.”

“नाही रे, कापला नाही. देवाशपथ, एकदाही नाही.”

“मग गळा का धरलास?”

मेव्हिसने तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं. ‘तू म्हणालास राहिलो, म्हणून.’ एवढं म्हटलं असतं तर तो राहिला असता. गुडघ्यावरचा, स्वतःवरचा त्याचा विश्वास जागच्या जागी आला असता. पण ते वाक्य म्हटलं की पुढचं वाक्य आलंच. राहिलो याचा एवढा आनंद कशाचा? नोकरीचा आनंद माणूस गळ्यात पडून करत नाही. जनेट शेजारी उभी होती, तिचाच स्वेटर मेव्हिसच्या खांद्यांवर होता, अजून ऊबदार. आणि समजा ड्वेनला कळलं, की आपलं पोतं आठवडाभर या पंचवीस पायऱ्यांची वाट बघतं, तर पुढच्या वेळी तो तिला उचलणार कसा? त्याचे हात अवघडणार. तो सभ्य माणूस होता, तो दुसरं ओझं शोधून द्या म्हणाला असता. म्हणजे सांगितलं तरी गेलं, नाही सांगितलं तरी गेलं. फरक एवढाच, की नाही सांगितलं तर लाज तरी वाचत होती. त्याची किंमत ड्वेनच्या गुडघ्याने मोजायची होती, हेही तिला त्या क्षणी पुरतं कळत होतं.

“चार वर्षांत मी तुला कधी पाडलं का?” ड्वेनने विचारलं. रागाने नाही. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“नाही.”

“मग?”

“घाबरले,” मेव्हिस म्हणाली.

ड्वेनने मान डोलावली. “बरोबर आहे. ओझ्याला आधी कळतं.” मग तो उठला, कॅल्डरकडे गेला आणि म्हणाला, “पिंकनीशी भांडू नका. ती ग्लॅडिस घ्या. माझं झालं.” कॅल्डरने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, विनवण्या केल्या. ड्वेन ऐकत उभा राहिला आणि शेवटी त्याने टोपी घातली.

निघताना तो मेव्हिसपाशी थांबला. “जपून जा, मिस ड्रुरी. गवत ओलं आहे, पाय घसरेल तुमचा.”

मेव्हिसने स्वेटर काढून जनेटला परत दिला. ती त्यांच्या गाडीकडे बघत राहिली, गाडी वळली तरी. मग कुणीतरी तिला टोप मागायला आलं.

तिलाही अर्थातच पुन्हा बोलावणं आलं नाही. व्हर्माँट रस्त्यावर एका कपडे धुण्याच्या दुकानात ती काउंटरवर लागली. लोक कपडे टाकायचे, पावती न्यायचे, हट्टी डाग ती हाताने काढायची. ड्वेन ओरेगॉनला गेला एवढं कॅल्डरच्या मदतनीस बाईकडून कळलं. पत्ता हवा का, असं त्या बाईने विचारलं होतं. मेव्हिस नको म्हणाली आणि त्या रात्री पलंग न ओढता खुर्चीतच बसून राहिली. हे सगळं आपल्या हातांनी केलं, असं तिच्या मनात यायचं, आणि मग ती खरंच हातांकडे बघत बसायची. लहान होते, लाल झालेले, साबणाने फाटलेले. तिला त्यांचा राग येत नव्हता, हेच तिला समजत नव्हतं.

तो भाग मे महिन्यात लागला. घर पुन्हा जाळता येणार नव्हतं, म्हणून कॅल्डरने कथाच बदलली होती. बाई मरत नाही, जगते. शेवटी पाहुणी नटी इस्पितळातल्या पलंगावर कपाळाला पट्टी बांधून हसते, असा प्रसंग मागाहून जोडला होता.

ओहानियनबाई बशी घेऊन आल्या. आता मेव्हिस जेवत होती, उपाशी राहण्याचं काही कारण उरलं नव्हतं. आग लागली, खिडकीतून धूर आला, नायक आत शिरला. मग शिडी. पाठमोरा ड्वेन, त्याच्या खांद्यावर टोपातलं डोकं, दोन्ही बाजूंना लोंबणारे हात. उजवा, डावा. कॅमेरा पहिल्यांदाच इतका जवळ होता. आणि हात वर गेले.

“अगंबाई!” ओहानियनबाई पुढे झुकल्या. “वाचली! बघ, बघ, कशी बिलगलीये!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडाशी नेलेला घास तसाच हातात राहिला. “हे तुझे हात. ओळखायला मला आता पायावरच्या तिळाची गरज नाही.”

“माझेच.”

“काय केलंस गं हे? आजवर कधी असं केलं नव्हतंस.”

“घाबरली ती,” मेव्हिस म्हणाली. “उंच होतं, आग होती. घाबरून धरलं.”

ओहानियनबाईंनी चष्मा काढला. त्या लहानपणाबद्दल कधी बोलत नसत. आपल्या गावाचं नावही त्यांनी मेव्हिसला सांगितलं नव्हतं.

“घाबरलेली माणसं मी पाहिलीत, मेव्हिस जान. सहा-सात वर्षांची होते, आम्हा आर्मेनियनांना गावांतून हाकललं तेव्हा, रस्त्याने चालताना, पुष्कळ. माझा गळा धरला होता माझ्या धाकट्या बहिणीने. घाबरलेलं माणूस नखं रुतवतं. खुणा अजून आहेत माझ्या मानेवर. ही बाई घाबरलेली नाही. हिची बोटं बघितलीस? सैल आहेत. हिला कुणीतरी आपलं भेटलंय.”

मेव्हिस पडद्याकडे बघत राहिली. तिथे इस्पितळ आलं होतं, पट्टी बांधलेली नटी हसत होती.

“त्या माणसाला किती बरं वाटलं असेल,” ओहानियनबाई म्हणाल्या. “कळलं असेल ना त्याला?”

“नाही,” मेव्हिस म्हणाली. “त्याला वाटलं, माझा भरवसा उडाला.”